म्युनिकहून डोंगरात: हलकी ई-माउंटन बाईक घ्यावी की पूर्ण ताकदीची?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर कुणासाठी आहे ते कळेल. विचारणारे गृहस्थ म्युनिकमध्ये स्थायिक आहेत, वय ४६, वजन ७८ किलो. पुण्यात कॉलेजात असताना सायकलवर सिंहगड चढायची सवय होती. आता शनिवारी ऑफिसातल्या चौघांबरोबर इझार नदीकाठच्या ट्रेल्सवर, नाहीतर टेगर्नझे-लेंगग्रीसच्या डोंगरांत जातात. चौघंही बिनमोटरच्या बाईकवर आणि वयानं बरेच लहान. चढावर हे मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे ठणकतात. दुकानदारानं दोन बाइक दाखवल्या आहेत: एक साडेअठरा किलोची ‘लाइट’ (मोटर आणि बॅटरी छोटी), दुसरी चोवीस किलोची पूर्ण ताकदीची. पत्नीलाही पुढेमागे एक घ्यायची आहे, तिचं वजन ५४ किलो. शेवटचा प्रश्न, पुढे भारतात परतलो तर बाईक नेता येईल का?

माझं उत्तर: तुमच्या बाबतीत हलकीच घ्या. पण ‘वजन कमी म्हणून चढायला सोपी’ हे दुकानदारानं दिलेलं कारण चुकीचं आहे. त्या कारणावर विसंबून घेतलीत तर पहिल्या महिन्यातच निराश व्हाल. मी इथं आल्प्सच्या पायथ्याशी वर्कशॉपमध्ये या बाइक उघडतो-जोडतो आणि उन्हाळ्यात लोकांना ट्रेलवर घेऊन जातो. हलकी बाईक घेऊन नाराज झालेली माणसं बहुतेक याच गैरसमजातून आलेली असतात.

आकडे मांडून बघू. तुम्ही ७८, बाईक साडेअठरा, बूट-हेल्मेट-पाणी-पाठपिशवी मिळून पाचेक किलो, म्हणजे एकूण साधारण १०२ किलो. एवढं वजन १००० मीटर उंच न्यायला सुमारे २८० वॉट-तास ऊर्जा लागते. कच्च्या जंगलरस्त्यावर टायरच्या घर्षणात आणखी चाळीसेक जातात. म्हणजे हजार मीटरच्या चढाईचा हिशेब ३२० वॉट-तासांचा. आता बाईक पाच किलोनं जड धरा. त्या पाच किलोंचे हजार मीटरला किती वॉट-तास? फक्त चौदा. तीन-चारशे वॉट-तासांच्या बॅटरीत चौदा म्हणजे काहीच नाही. चढावर मोटर चालू असताना पाच किलोंचा फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

मग बॅटरी खातं कोण? वेग. दहा टक्के चढावर ताशी १० किमीनं गेलात तर तासात हजार मीटर चढता आणि सतत ३२० वॉट लागतात. तुमच्या पायांतून दीडशे वॉट येत असतील तर उरलेले १७० मोटरनं द्यायचे. मोटरमधले नि गिअरमधले लॉस धरले की बॅटरीतून सव्वादोनशेच्या आसपास वॉट-तास गेले. तोच चढ ताशी ७ किमीनं चढलात तर लागतात सव्वादोनशे वॉट. त्यातले दीडशे तुमचेच, मोटरचे फक्त पंचाहत्तर. वेळ जास्त लागतो, पण बॅटरीतून जातात १४० वॉट-तास. म्हणजे ३६० वॉट-तासांची तीच बॅटरी पहिल्या चालीनं सोळाशे मीटर पुरते आणि दुसऱ्या चालीनं पंचवीसशेपर्यंत जाते. थंडीत, चिखलात आणि जुन्या बॅटरीवर हे आकडे खाली येतात, पण त्यांच्यातलं प्रमाण तसंच राहतं.

तुमचा निर्णय याच हिशेबावर ठरतो. तुमचे साथीदार बिनमोटरचे आहेत. तंदुरुस्त माणूस साध्या बाईकवर तासाला सहाशे-सातशे मीटर चढतो. तुम्हाला त्यांच्याबरोबर राहायचं आहे, पुढे पळायचं नाही. त्या चालीला हलक्या बाईकची छोटी मोटर आणि छोटी बॅटरी पुरून उरते. हेच चौघं उद्या ८५ न्यूटन-मीटरच्या (हे मोटरच्या फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) बाइकवर आले आणि ताशी १५ किमीनं चढायला लागले, तर मात्र हलक्या बाईकवर तुमची दमछाक होईल आणि दुपारच्या आत बॅटरी रिकामी होईल. त्यामुळे बाईक घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी हेच विचारतो की शनिवारी तुम्ही कुणाबरोबर जाता.

आता बाजारात काय आहे ते बघू. हलका वर्ग खऱ्या अर्थानं रुळला तो २०२० मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीच्या टर्बो लेवो एसएलपासून. ३५ न्यूटन-मीटरची मोटर आणि ३२० वॉट-तासांची बॅटरी. दुसऱ्या पिढीत, २०२३ मध्ये, मोटर ५० न्यूटन-मीटरवर गेली, बॅटरी तेवढीच राहिली. त्याआधी, २०२० च्या अखेरीस, ओर्बिया कंपनीनं शिमानोची मोटर मुद्दाम ६० न्यूटन-मीटरवर बांधून ‘राइज’ आणली. ट्रेक कंपनीच्या फ्यूएल ईएक्सई मध्ये टीक्यू कंपनीची ५० न्यूटन-मीटरची मोटर आणि ३६० वॉट-तासांची बॅटरी आहे. मोटर दोन किलोपेक्षाही हलकी आणि आवाज इतका कमी, की खडीवर टायरचाच आवाज आधी ऐकू येतो. फाझुआची राइड ६० ही ६० न्यूटन-मीटर आणि ४३० वॉट-तासांची. बॉशची एसएक्स मोटर ५५ न्यूटन-मीटरची म्हणून आली आणि तिच्या जाहिरातीत ६०० वॉट लिहिलेले असतात, पण ती ताकद भराभर पॅडल मारल्यावरच मिळते.

२०२४ मध्ये ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीची अव्हिनॉक्स मोटर आली आणि चित्र बदललं. शंभराहून जास्त न्यूटन-मीटरची मोटर असलेली अ‍ॅमफ्लो ही बाईक २० किलोच्या आसपास बसते. म्हणजे ‘हलकी’ आणि ‘ताकदवान’ यांच्यातली वजनाची भिंत आता पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही. नुसतं वजन कमी म्हणून अर्ध्या ताकदीची बाईक घ्यायचे दिवस संपत चाललेत. ती घ्यायची तर आपले पाय चालावेत, आवाज नसावा आणि बाईक हातात बाईकसारखी वाटावी म्हणून घ्यायची. मला स्वतःला ही कारणं पुरेशी वाटतात.

न्यूटन-मीटरचा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. तीव्र चढावर दगडांत अडखळून पॅडल मिनिटाला ४० फेऱ्यांवर आलं, तर ५० न्यूटन-मीटरची मोटर जास्तीत जास्त दोनशेच्या वर थोडे वॉट देऊ शकते. ८५ वाली त्याच क्षणी साडेतीनशे देते. मिनिटाला ८० फेऱ्यांवर असाल तर ५० वाली तिच्या पूर्ण ताकदीला पोचलेली असते. थोडक्यात, मोठी मोटर चुकीच्या गिअरमध्ये अडकलेल्या माणसालाही वर ओढून नेते, छोटी मोटर नेत नाही. ‘मोटर बंद पडल्यासारखं होतं’ अशी तक्रार घेऊन वर्कशॉपमध्ये येणाऱ्या हलक्या बाइकची मोटर बहुधा धडधाकट असते. चालवणारा दोन गिअर जड ठेवून दाबत असतो.

तुमच्या गुडघ्यांसाठी ही अट खरं तर हिताची आहे. जड गिअरवर पाय दाबल्यानं गुडघे दुखतात, आणि ही बाईक तुम्हाला तसं करूच देत नाही. घेताना क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, लांबी विचारा. १६५ किंवा १६० मिलिमीटरचे असतील तर उत्तम. पाय वर येताना गुडघा कमी वाकतो आणि दगडावर पॅडल आपटायची भीतीही कमी होते. पुढची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) ३२ दातांची असेल तर ३० ची घालून घ्या. मागे ५२ दातांचा मोठा गिअर असला की मिनिटाला सत्तर फेऱ्या मारत ताशी साडेपाच किमीनं चढता येतं. मात्र डॉक्टरांनी गुडघ्यावर भार टाकूच नका असं सांगितलं असेल, किंवा ऑपरेशन झालं असेल, तर माझा सल्ला उलटा आहे: पूर्ण ताकदीची घ्या आणि वजनाचा विचार सोडा.

वजन खरं कुठे कळतं? मोटर मदतीला येत नाही तिथे. इझारकाठच्या ट्रेल्सवर वळणं जवळजवळ आहेत, मुळं आडवीतिडवी पसरलेली, दर पाच मिनिटांनी छोटा खड्डा आणि लगेच छोटा चढ. तिथे पुढचं चाक उचलून मुळावरून न्यायचं, मागचं हलकं करायचं, दोन झाडांमधून बाईक इकडून तिकडे लोळवायची, हे सगळं कंबर आणि खांद्यांचं काम. चोवीस किलोची बाईक तिथे सरळ रेषेत जाऊ पाहते. वादळानं पडलेलं झाड वाटेत आडवं आलं की बाईक उचलून पलीकडे टाकावी लागते. बीआरबीच्या (डोंगराकडे जाणाऱ्या लोकल रेल्वेच्या) गाडीत चढवायची, तळघराच्या पायऱ्या उतरायच्या, कारच्या रॅकवर चढवायची, प्रत्येक वेळी हे पाच किलो हाताला लागतात. बाइकसाठी लांबची दगडाळ उतरण असेल तर मात्र जड बाईक जमिनीला चिकटून शांत चालते, हे जड बाइकच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आणि म्हणूनच तुमच्या पत्नीसाठी हलकी बाईक तुमच्याहूनही जास्त योग्य ठरेल. साडेअठरा किलो म्हणजे त्यांच्या वजनाचा तिसरा हिस्सा. चोवीस म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस टक्के. एवढं धूड मुळांवरून उचलायला कुणाला सांगू नये. शिवाय मोटर तीच, पण वर न्यायचं वजन पाव हिश्शानं कमी. तुम्हाला जी मदत माफक वाटेल ती त्यांना भरपूर वाटेल, आणि बॅटरीही त्याच हिशेबात जास्त पुरेल. नव्वद-पंचाण्णव किलोच्या माणसाला हे सगळं उलटं लागू होतं. दुकानात दोघांनी मिळून एकच बाईक चालवून पाहून दोघांसाठी निर्णय घेऊ नका.

खरेदीच्या वेळी मी तरी सर्वांत आधी बॅटरी बाहेर निघते का हे विचारतो. पहिल्या लेवो एसएलची बॅटरी फ्रेमच्या आतच असते, रोज काढण्यासाठी ती केलेलीच नाही. फ्यूएल ईएक्सईची खालून बोल्ट काढून निघते. म्युनिकच्या जुन्या इमारतींत तळघरातल्या सायकलखोलीत प्लग नसतो, हे तुम्हाला माहीत असेलच. चौथ्या मजल्यावर अख्खी बाईक न्यावी लागणार की फक्त बॅटरी, यावर रोजचं जगणं अवलंबून आहे. रेंज एक्स्टेंडर, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या जागी बसणारी जादा बॅटरी, पहिल्याच दिवशी घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून बहुतेक शनिवार तिच्याशिवाय पार पडतील. दिवसाला दोन हजार मीटरचे बेत व्हायला लागले की मग घ्या.

हलक्या बाइकमध्ये कंपन्या वजनाचा आकडा खाली आणण्यासाठी दोन ठिकाणी हात आखडतात: टायर आणि ब्रेक. मागचा टायर हात लावून बघा. बाजूची भिंत बोटानं सहज दबत असेल तर इथल्या चुनखडीच्या धारदार दगडांवर तो फार टिकणार नाही. जाड भिंतीचा टायर घातला की दोनअडीचशे ग्रॅम वाढतात, पण डोंगरात पंक्चर काढत बसण्यापेक्षा ते परवडतं. ट्यूबलेस करून घ्या. तुमच्या वजनाला हवेचा दाब पुढे दीड आणि मागे १.७ बारपासून सुरू करा. ब्रेकसाठी चार पिस्टनचे कॅलिपर आणि पुढे-मागे २०० मिलिमीटरच्या डिस्क मागा. मागे १८० ची डिस्क आणि दोन पिस्टन असतील तर खरेदीच्या वेळीच बदलून मागा, तेव्हा दुकानदार ऐकतो. शंभर किलोचं वजन पाचशे मीटर खाली आणताना बहुतेक ऊर्जा त्या दोन डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. नवीन ब्रेक असतील तर आधी सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसपर्यंत वेग घेऊन, चाक न अडकवता, जोरात वेग कमी करा. असं वीसेकदा केलं की पॅड डिस्कला नीट बसतात. हे न करता थेट डोंगरात गेलेल्यांचे ब्रेक पहिल्याच उतारावर किंचाळत येतात.

फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला त्यात फार रस नाही. फरक किलो-दीड किलोचा आणि किमतीचा मोठा. ते पैसे चांगल्या फोर्कवर (पुढच्या सस्पेन्शनवर) आणि ब्रेकवर घाला.

ऑफिसातून लीजिंग, म्हणजे पगारातून हप्ता कापून भाड्यानं बाईक, मिळत असेल तर त्याचा हिशेब नक्की करा. पगारातून कापून घेतलेल्या सायकलीवर जर्मनीत २०२० पासून छापील किमतीच्या फक्त पाव टक्का रक्कम दरमहा करपात्र उत्पन्नात धरतात. आठ हजार युरोच्या बाईकला ते महिन्याला वीस युरो होतात. साधारण छत्तीस महिन्यांचा करार असतो. मुदत संपल्यावर बाईक किती पैशात तुमची होणार आणि बॅटरी बिघडली तर खर्च कुणाचा, हे दोन मुद्दे लेखी घ्या. जुनी बाईक घ्यायचा विचार असेल तर डीलरकडे सॉफ्टवेअरला जोडून बॅटरीच्या चार्जिंगच्या फेऱ्या आणि उरलेली क्षमता छापून मागा. तो कागद द्यायला विकणारा का-कू करत असेल तर तिथून निघा.

आता चालवण्याबद्दल. अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. एक, तुमच्या ताकदीच्या किती पट मदत मिळावी. दुसरी, मोटरनं जास्तीत जास्त किती वॉट द्यावेत. तुमच्यासाठी मी पहिली पायरी अशी लावेन: मदत तुमच्या ताकदीच्या साठ-सत्तर टक्के आणि मोटरला कमाल सव्वाशे वॉटची मर्यादा. लांब जंगलरस्त्याच्या चढाला दिवसभर हीच. दुसऱ्या पायरीत मर्यादा उघडी ठेवा पण मदत मध्यम, म्हणजे दगडाळ चढावर पायाचा जोर वाढला की मोटर लगेच साथ देईल. तिसरी पायरी पूर्ण मोकळी, पण ती घरी परतताना पाय संपले तर. टेगर्नझे स्टेशनवरून नॉयरॉयटला जाणारा सुमारे पाचशे मीटरचा चढ पहिल्या पायरीवर करून बघा आणि वर पोचल्यावर बॅटरी किती उरली ते पाहा. तो तुमचा स्वतःचा आकडा. पुढचे सगळे बेत त्यावर आखा, कंपनीच्या वेबसाइटवरच्या किलोमीटरवर नाही. डोंगरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचंच नाही, चढाईच्या मीटरमध्ये मोजायचं.

गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला. चढात बदलावाच लागला तर अर्ध्या फेरीपुरता पायाचा जोर सोडा, गिअर पडू द्या, मग पुन्हा दाबा. मोटर आणि पाय दोन्हींचा जोर एकाच चेनवर येतो, आणि जोरात असताना गिअर टाकला की जो ‘खट्ट’ आवाज येतो त्यात कॅसेटचे (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे) दात झिजतात. चेनचं मोजमाप ठेवायचं छोटं गेज घ्या. बारा गिअरची चेन झिजून अर्धा टक्का लांबली की बदला. चेन वेळेवर बदलली तर महागडी कॅसेट वाचते.

तीव्र चढावर थांबलात आणि पुन्हा निघायचं आहे, तर ड्रॉपर पोस्ट (सीट खाली-वर करणारा दांडा) दाबून सीट थोडी खाली घ्या. बाईक चढाला किंचित तिरकी लावा. दोन्ही ब्रेक धरून ठेवा, गिअर सगळ्यात हलक्याच्या एक पायरी अलीकडे. पुढचं पॅडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा. मग पॅडल दाबताना ब्रेक हळूहळू सोडा. मोटरचा सेन्सर पायाचा दाब ओळखतो, म्हणून थांबलेले असताना पॅडलवर पाय टेकवून ठेवायची सवय सोडा. ब्रेक सुटला तर बाईक अचानक पुढे सरते. जमलं नाही तर उतरा आणि ढकलण्याची मदत वापरा. ती ताशी सहा किमीपर्यंत चालते आणि त्यात कमीपणा काही नाही.

पायरीसारखा दगड आडवा असेल तर पूर्ण ताकदीची बाईक पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते आणि वर नेते. हलकीमध्ये हा ढकल कमी असतो. तिथे पॅडलची पूर्ण फेरी मारायला जागा नसेल तर पाव-पाव फेरी मागे-पुढे करत, खडखड जोर देत जायचं. पुढचं चाक वर गेलं की छाती हँडलकडे आणायची, मागचं चाक येईपर्यंत जोर सोडायचा नाही. हे तंत्र बिनमोटरच्या बाईकचंच आहे. सिंहगडाच्या रस्त्यावर घडलेले तुमचे पाय इथे कामाला येतील.

सपाटीवर २५ किमीच्या पुढे मोटर सुटते, तो कायदा आहे. हलक्या मोटरचं सुख असं की ती सुटल्यावर मागे ओढत नाही. शहरातून डोंगराकडे जाताना मोटर बंदच ठेवा, बॅटरी चढासाठी राखा.

उतारावर सस्पेन्शन नीट नसेल तर हलकी बाईकही दगडावर आपटत जाते. शॉकमधली हवा पूर्ण पोशाखात, पाठपिशवीसकट बसून लावा. मागे तीस टक्के सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो तेवढा. शॉकचा दांडा ५५ मिलिमीटर सरकत असेल तर रबरी कडी साडेसोळावर यायला हवी. पुढे वीस-पंचवीस टक्के. साध्या बाईकवरून येणाऱ्यांना एक सवय बदलावी लागते. ही बाईक तीन-चार किलोंनी जड आणि ते वजन तळाशी, त्यामुळे थांबायला अंतर जास्त लागतं. वळणाच्या आधीच जोरात ब्रेक लावून सोडून द्या. सतत हलका ब्रेक धरून उतरलात तर डिस्क तापते आणि खालच्या टप्प्यावर, गरज असते नेमकी तेव्हा, लिव्हर मऊ लागते.

कुठे चालवायची हेही सांगतो, कारण इथे सीमा ओलांडली की कायदा बदलतो. २५ किमीवर सुटणारी मोटर जर्मन कायद्यानं सायकलच समजली जाते. बायर्नच्या (बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिकच्या राज्याच्या) संविधानातलं १४१ वं कलम निसर्गात फिरण्याचा हक्क देतं, त्यामुळे इथे योग्य अशा वाटांवर सायकल चालते, पायी चालणाऱ्याला आधी वाट देऊन. शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकलला मनाई आहे. आणि टेगर्नझेहून आखेनझेकडे गेलात की ऑस्ट्रिया लागतं. तिथे १९७५ च्या वनकायद्यानुसार जंगल फक्त पायी फिरायला खुलं आहे. सायकलसाठी खास खुला केलेला रस्ताच चालतो. टिरोलनं १९९७ पासून असे रस्ते करार करून खुले केले आहेत, तिथे पाट्या असतात. पाटी नसेल तर रस्ता कितीही मोकळा दिसला तरी जाऊ नका. संध्याकाळी उशिरा जंगलात शिरू नका, हरणं त्या वेळी चरायला निघतात. आपण भारतीय इथे संख्येनं थोडे, ट्रेलवर लगेच लक्षात राहतो. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी थांबून ‘ग्र्यूस गॉट’ म्हटलं की पुढच्या माणसाचीही वाट सोपी होते.

हिवाळ्यात बॅटरी घरात ठेवा, निघताना ऊबदार बॅटरी बसवा. गोठणबिंदूच्या खाली चार्जिंग करायचं नाही. महिनाभर बाईक उभी राहणार असेल तर बॅटरी अर्ध्यावर ठेवा, पूर्ण भरून नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी कुठल्याही सामानातून नेता येत नाही. शंभर ते १६० पर्यंतचीला विमान कंपनीची परवानगी लागते. तुमच्या बाईकची मुख्य बॅटरी तीनशेच्या वर असणार, म्हणजे सुट्टीला जाताना सोबत न्यायचा प्रश्नच मिटला. कायमचं परतताना घरसामान जहाजानं पाठवाल तेव्हा ती धोकादायक माल म्हणून वेगळी नोंदवून, त्या कामाच्या एजंटाकडूनच पाठवावी लागेल. भारतातला नियमही साधारण याच चौकटीतला आहे, पाव किलोवॉटची मोटर आणि ताशी २५ किमी, त्यामुळे कायद्याची अडचण मोठी नाही. अडचण सर्व्हिसची आहे. मोटरमध्ये बिघाड झाला तर या बाइकची मोटर गल्लीतल्या मेकॅनिकला उघडता येत नाही, अख्खी बदलून घ्यावी लागते. म्हणून निघण्यापूर्वी त्या मोटरचं अधिकृत सर्व्हिस सेंटर भारतात आहे का, ते कंपनीला लिहून विचारा. नसेल तर बाईक इथेच विका, हलक्या बाइकना इथे गिऱ्हाईक लवकर मिळतं. पुण्यात तिच्या अर्ध्याहून कमी पैशात चांगली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली बाईक) येते, आणि मुळशीच्या कच्च्या रस्त्यांना तेवढी पुरते.